हापसालूला पाच दिवस

निघताना तीन पिशव्या पीबेच्या, एक आमची,
आणि तार्मोच्या यादीत शेवटी, अधोरेखित: विश्रांती.
पीबे पावणेदोन वर्षांची.
येणारे शब्द अकरा,
त्यातला एक फक्त शेजारच्या कुत्र्यासाठी.

सल्मेबाईंच्या लाकडी घरात माडीवरची खोली,
जिना असा, की चढताना शिडी, उतरताना काळजी.
पहिल्या तासातच वाट खुर्चीने अडवली,
फुलदाणी कपाटावर, काड्यापेटी फुलदाणीत,
टेबलाच्या चारही कोपऱ्यांना मोजे घातले.
सल्मेबाई बघत होत्या.
"माझ्या वेळी कोपरेच होते," म्हणाल्या,
"मोजे नव्हते. दोघंही जगलेत."

समुद्र इथला उथळ.
चालत राहा, चालत राहा, पाणी गुडघा सोडत नाही.
तार्मो पार लांब गेला आणि तिथून
उभ्या उभ्याच हात हलवला,
पोहायला आलेल्याला कुणी अंगणात सोडावं तसा.
पीबेने समुद्राकडे पाठ केली.
तिला हवा होता नळ,
बाकाजवळचा, पाय धुवायचा,
दाबला की येतो, सोडला की जातो.
"आणखी," ती म्हणाली. बारावा शब्द.
मागे अख्खा बाल्टिक पसरलेला
आणि आम्ही आळीपाळीने
एक नळ दाबत होतो.

ऑगस्टच्या पौर्णिमेला किल्ल्यात गर्दी.
खिडकीत म्हणे पांढरी बाई दिसते,
प्रेमापायी भिंतीत चिणलेली.
लग्नाआधीपासून ठरवलेलं, बघायचीच.
साडेदहाला पीबेची दाढ जागी झाली.
तार्मो एकटा गेला, अर्ध्या तासात परत.
"दिसली?"
"थोडा उजेड होता."
तो येईपर्यंत मी पांढऱ्या गाऊनमध्ये, केस सोडलेले,
रडं खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी.
खालून जाणारी दोन पोरं वर बघून थबकली,
मग जी पळाली!

सल्मेबाई शाल विणतात,
इतकी तलम की सगळीच्या सगळी अंगठीतून निघते.
दाखवते म्हणाल्या. अंगठी बोटातून निघेना.
साबण लावला, फुंकर घातली, हसल्या.
"जाते हो. विश्वास ठेवा."

शेवटच्या दिवशी स्टेशन.
गाडी बंद पडून किती वर्षं झाली,
फलाट मात्र लांबच लांब, डोक्यावर नक्षीचं छत,
कुणा झारच्या माणसांना थेंब लागू नये म्हणून बांधलेलं.
तार्मोचे आजोबा इथेच उतरायचे,
दर उन्हाळ्यात, गुडघ्यांना औषधी चिखल लावून घ्यायला.
पीबे या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. चारदा.
मग बाकावर चढून बसली,
गुडघ्यांवर हात,
रिकाम्या बाजूला बघत म्हणाली,
"झुकझुक."

"नाही गं येत ती आता," मी.
"पूर्वी यायची," तार्मो.
तिला अजून 'आता' कळत नाही,
'पूर्वी' तर नाहीच.
बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक आजोबा,
मांडीवर बेरींचा डबा.
त्यांनी बाही वर करून मनगट पाहिलं,
घड्याळ नव्हतंच त्यावर.
"उशीर झालाय तिला," म्हणाले.

एवढं मात्र तिला पटलं.
दोघं बसून राहिले, डबा मधे,
बोटं जांभळी होईपर्यंत.
आम्ही खांबाला टेकून उभे,
मी खांबाला, तार्मो मला.
यादीतली शेवटची गोष्ट, वीसेक मिनिटं.

वाल्गाला घरी पोचलो.
खारट कपडे, टॉवेल, टेबलाचे चारही मोजे
मशीनमध्ये कोंबले.
पाणी भरलं, घुसळलं, उतरलं,
मग तिने वेग घेतला, फरशी थरथरली,
कपाटातल्या बशा बोलू लागल्या.
पीबे कुठूनशी धावत आली,
समोर जमिनीवर बसली,
गुडघ्यांवर हात,
आणि आमच्याकडे वळून,
इतके दिवस उगाच नाही म्हणणाऱ्या आमच्याकडे,
म्हणाली,
"आली."